बाबांचा पालट

मराठी सिनेमाच्या पुरस्कारांचा सोहळा म्हणजे वरातीमागून घोडं. सोहळा होतो एका दिवशी आणि टीव्हीवर दिसतो तीन-चार आठवड्यांनी. मधल्या काळात कोण जिंकलं, कोण हरलं, स्टेजवर कोण रडलं, सगळं पेपरात छापून येतं, मोबाइलवर फिरतं आणि शिळं होतं. जगातली शहाणी माणसं ते वाचतात, एखाद्या निकालावर नाक मुरडतात आणि आपल्या कामाला लागतात. कामोठ्यातली आमची बिल्डिंग तेवढी शहाणी नाही. आम्ही सोहळ्याच्या दिवसापासून तो टीव्हीवर दिसेपर्यंत सोवळं पाळतो.

सोवळं हा शब्द समोरच्या दारातल्या काकूंचा. त्यांचं माहेर जासईचं, आणि कशाला काय म्हणायचं ते त्यांना आमच्या आधी सुचतं. या सोवळ्यात पेपरची सिनेमावाली पुरवणी न उघडता रद्दीत जाते. आई तर ती स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरून लगेच वर डबे मांडते, म्हणजे चुकूनही कुणाची नजर पडायला नको. मोबाइलवरचे नातेवाइकांचे ग्रुप मुके होतात. बाहेरून कुणी पाहुणा आला तर त्याला पाण्याच्या आधी ताकीद मिळते की सिनेमाचं काही बोलायचं नाही. एका वर्षी आमच्या सेक्रेटरी काकांनी जिन्यात उगाच 'यंदा म्हातारा नट बाजी मारून गेला' असं पुटपुटलं, तर त्यांना उरलेल्या खेळातून बाद केलं. मेंटेनन्सवरून अख्ख्या सोसायटीला दटावणारा माणूस, तो त्या वर्षी आमच्या हॉलमध्ये नुसती भजी खात गप्प बसला होता.

हे सगळं त्या खेळासाठी. खेळ सुरू केला बाबांनी. बाबा वाशीच्या घाऊक बाजारात मापाडी होते, म्हणजे आलेला कांदा-बटाटा तोलून त्याचं वजन पुकारणारे. गोणीकडे नुसतं बघून ते वजन सांगायचे आणि ते बहुतेक वेळा बरोबर यायचं, पण काट्यावर घातल्याशिवाय त्यांनी ते कधी पुकारलं नाही. 'नजरेला माया असते, काट्याला नसते,' असं ते म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताला काटा राहिला नाही. मग त्यांनी सिनेमे तोलायला घेतले.

नामांकनं जाहीर झाली की पुढच्या रविवारी सगळे आमच्या हॉलमध्ये जमतात. बाबा एकेका विभागाची नावं वाचतात आणि प्रत्येकाने त्यातलं एक नाव मोठ्याने बोलायचं. बाजारातल्या लिलावावरून त्याला बोली म्हणतात. एकदा बोललं की बोललं. फक्त टीव्हीवर सोहळा सुरू होण्याच्या आधी प्रत्येकाला आपली एक बोली बदलता येते. तो पालट. ज्याची उत्तरं सगळ्यांत जास्त बरोबर येतील त्याला मानाचा नारळ. शाल आम्ही ठेवलेली नाही. कामोठ्याच्या उकाड्यात शाल पांघरून कोण बसणार?

खेळाचा मुख्य नियम मात्र बाबांचा आणि तो ते दरवर्षी नव्याने ऐकवतात. 'काय व्हावं ते सांगू नका. काय होनार ते सांगा.' काकूंना हा नियम आजवर समजलेला नाही. त्या मनाने बोली लावतात. आवडत्या नटीने त्या वर्षी काही केलेलं नसलं तरी तिचंच नाव घ्यायचं, आणि नामांकनात ती नाही असं सांगितलं तर, 'मंग हवी व्हती,' असं म्हणून तिथेच अडून राहायचं. सेक्रेटरी काका हिशेबी आहेत. ते वर्षभर सिनेमांची परीक्षणं वाचतात, चर्चा ऐकतात, आणि दरवर्षी बाबांच्या मागे एखाद्या उत्तराने राहतात. नारळ जवळजवळ दरवेळी बाबांकडेच. दुसऱ्या दिवशी आई त्याच्या वड्या करते आणि पहिली ताटली सेक्रेटरी काकांकडे जाते. ते त्या वड्या खातात, पण त्यांच्या घशाखाली त्या सहज उतरत नसाव्यात.

बाबांनी पालट कधीच वापरला नव्हता. 'एकदा तोललं की तोललं,' म्हणायचे.

आणि अशात एका वर्षी नामांकनाच्या यादीत माझं नाव आलं.

मी सिनेमांची वेशभूषा करते. सांगायला झकास वाटतं, प्रत्यक्षात कपड्यांच्या ट्रंका, इस्त्री, सेफ्टी पिना आणि शूटिंगच्या जागी तंबूत घामाघूम बसणं. त्यात माझा राग नाकाच्या शेंड्यावर. दिवसभर बाहेर दाबून ठेवलेला राग घरी येताना दारातच बाहेर पडतो. माझ्या चपला मी काढत नाही, भिरकावते. एक पायपुसण्यावर, एक काकूंच्या दारापाशी. आई वर्षानुवर्षं करवादते, आणि काकू माझी चप्पल परत आणून देताना विचारतात, 'आज कोनावर?'

तो सिनेमा मिठागरातल्या बायकांवरचा होता. दिग्दर्शकाला एवढंच हवं होतं की कपडे कुणी ठरवून घातलेत असं वाटता कामा नये. बोलायला सोपं. नवं लुगडं जुनं दिसत नाही, मळवलेलं दिसतं, आणि मळवलेल्यात नि जुन्यात फरक आहे. मी रडकुंडीला आले तेव्हा काकू मला जासईला घेऊन गेल्या. त्यांच्या माहेरच्या आळीतल्या म्हाताऱ्या बायकांनी मिठागरात राबलेल्या दिवसांतली लुगडी ट्रंकांच्या तळातून काढून दाखवली. एकीने तर नेसून दाखवलं आणि मिठाच्या पाण्यात उभं राहताना काष्टा किती वर ओढायचा ते हाताने दाखवलं. घोट्याच्या वर जिथे पाणी येऊन थांबायचं तिथे कापडावर पांढरी रेघ उरलेली होती. किती धुतली तरी न जाणारी.

ती रेघ मिळवायला मी मीठ कालवलेल्या पाण्यात लुगड्यांचे काठ भिजवले आणि गच्चीवर सुकवले, पुन्हा भिजवले, पुन्हा सुकवले. सेक्रेटरी काकांनी गच्चीवर नोटीस लावली की मिठाचे कपडे वाळत घालू नयेत, स्लॅब खराब होतो. मग स्वतःच येऊन खाली प्लास्टिक अंथरून दिलं आणि नोटीस तशीच राहू दिली.

पुरुषांच्या सदऱ्यांचं काम मात्र बाबांनी बिघडवलं, म्हणजे सुधारलं. मी कोपरांना ठिगळं लावत बसले होते. बाबा मागून बघत होते. म्हणाले, 'हे मास्तरांचे सदरे झाले. ओझं वाहनाऱ्याचा सदरा कोपरावर जात न्हाई. आधी खांद्यावर विरतो. अन् तेबी एकाच खांद्यावर.' बाजारात सगळी हयात हमालांच्या मधे गेलेली. मी सगळी ठिगळं उसवली. एकच खांदा विरवायला काचकागद घासत बसले, बाबा शेजारी बसून दुसरा सदरा घासत होते. गोणी शिवायची दाभण कशी धरायची हेही मला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. माझ्या बाहुलीचा पहिला झगा गोणपाटाचा होता. बाहुलीला तो टोचत असणार, पण मला फार शोभिवंत वाटायचा.

तर नामांकन आलं. आईने देवापाशी साखर ठेवली. काकूंनी जासईला फोन लावून सगळ्या आळीला सांगितलं. आणि नेहमीप्रमाणे बोलीचा रविवार आला.

माझ्या विभागात बोली लावायला मला मनाई होती, ते बरोबरच. मी आईजवळ जमिनीवर बसले. बाबांनी वेशभूषेची नावं वाचली. त्यात आमचा सिनेमा होता आणि एक ऐतिहासिक सिनेमा होता. शेले, पगड्या, जरीचे काठ, चिलखतं, घोड्यांवरसुद्धा झुली. काकूंनी नाव वाचून संपायच्या आत बोली लावली. 'आमच्या जासईची लुगडी हायत ती. बक्षीस दुसऱ्या कोनाला मिलनार?' सेक्रेटरी काका माझ्याकडे न बघता ऐतिहासिक म्हणाले. त्यांचा मला राग आला नाही. ते हिशेबी आहेत आणि नारळासाठी किती वर्षं झुरतायत ते मला माहीत होतं.

मग बाबांची पाळी आली. हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

'ऐतिहासिक,' ते म्हणाले.

आई म्हणाली, 'अवो.'

'काय व्हावं ते न्हाई इचारलेलं,' बाबा म्हणाले. 'तिचं काम चांगलं हाय. पन ते दिसत न्हाई. दिसू नये हेच तर काम हाय तिचं. बक्षीस दिसनाऱ्याला मिळतं.'

हे वाक्य मला आज कुणी लिहून दिलं तर मी फ्रेम करून लावीन. इतकं नेमकं माझ्या कामाबद्दल कुणी बोललेलं नाही, समीक्षकही नाही. पण त्या दिवशी मला 'ऐतिहासिक' हा एकच शब्द ऐकू आला. चार माणसांत, माझ्या समोर, माझ्या बापाने दुसऱ्याची बोली लावली होती. ज्याने माझ्याबरोबर सदऱ्यांचे खांदे घासले त्याने. मी उठून आत गेले आणि स्वयंपाकघरात भजीच्या पिठात इतकं जोरात पाणी ओतलं की त्या रविवारची भजी बसकी झाली. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली.

नामांकन मिळालेला प्रत्येक जण भाषण पाठ करतो. जो म्हणतो मी नाही केलं तो खोटं बोलतो. मीही केलं होतं, कामावर जाताना मनातल्या मनात. त्यात बाबा पहिले होते, खांद्याच्या गोष्टीसकट. त्या रविवारनंतर मी त्यांना शेवटी टाकलं. दिग्दर्शक, निर्माता, माझ्या दोन सहायक मुली, जासईच्या बायका, काकू, आई, प्लास्टिक अंथरणारे सेक्रेटरी काका, आणि मग वेळ उरला तर बाबा. घरात मी त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलत होते. त्यांना ते कळत होतं आणि ते काही म्हणत नव्हते. बाबांचं हेच मला सोसत नाही. माणसाने भांडावं तरी.

सोहळा मुंबईत होता. मी आईची नारायणपेठ नेसले. माझं काम तांत्रिक पुरस्कारांत येतं आणि तांत्रिक पुरस्कार आधी उरकतात, तेव्हा मागच्या रांगांतली माणसं अजून खुर्च्या शोधत असतात. पाकीट फोडलं. मला आधीच कळलं, कारण ते फोडणारी नटी नाव वाचण्याआधी ऐतिहासिकवाल्या रांगेकडे बघून हसली. जिंकलेली बाई माझ्याहून मोठी, वर्षानुवर्षं काम केलेली, चांगली बाई आहे. स्टेजवर जाताना तिने माझा हात दाबला. मी खरोखर टाळ्या वाजवल्या. आणि तरीही मला वाईट वाटलं, खूप वाटलं. कापडातली हवा निघून जाऊन नुसती घडी उरावी तसं झालं माझं. पाठ केलेलं भाषण आता कुणाला म्हणून दाखवायचं नव्हतं. त्या एवढ्या मोठ्या सभागृहात मी ओळखीच्या माणसांतही एकटी होते, आणि बाबांचं बरोबर आलं होतं.

त्या रात्री मी अंधेरीला एका सहायक मुलीकडे राहिले आणि सकाळी घरी आले. चपला रॅकवर ठेवल्या आणि आत गेले. आई चहाचं आधण ठेवून उभी. तिच्या चेहऱ्यावर प्रश्न मावत नव्हता. तिने तोंड उघडलं, तोच बाबा आरामखुर्चीतून म्हणाले, 'सोवळं.'

'आता पोटच्या पोरीला बी इचारू नको का?'

'नियम म्हंजे नियम.'

आईने नियम पाळला, पण तिच्या पद्धतीने. मी आंघोळीला गेले तेव्हा तिने माझी बॅग उचलून वजन बघितलं. बाहेर आले तर बॅग भलत्याच जागी. बॅगेत बक्षिसाची बाहुली नव्हती, पण त्यावरून तिने काही ठरवलं नाही. 'ऑफिसात ठिवली आसंल,' असं ती संध्याकाळी स्वतःशीच बोलताना मी ऐकलं.

आता मी हे कबूल करते की तोवर मी आमच्या सोवळ्याची टिंगल करायचे. फिल्मच्या लोकांना ती गोष्ट सांगून हसवायचे. त्या आठवड्यांत मला त्याची किंमत कळली. सांत्वन हा प्रकार मला झेपत नाही. 'पुढच्या वेळी नक्की', 'नामांकन हेही थोडं नाही', 'तुझाच हक्क होता' ही वाक्यं ऐकली की मला भांडावंसं वाटतं. बाहेर ती सगळी मी ऐकली आणि दात ओठ खाल्ले. घरी आले की मात्र जिन्यापासून शांतता. मी हरलेय हे तिथे कुणाला माहीतच नव्हतं. तिथे मी अजून हरले नव्हते. हरण्याची सवय करून घ्यायला मला वेळ मिळाला, आणि तो वेळ एका अख्ख्या बिल्डिंगने तोंडं मिटून मला दिला. किती जणांच्या नशिबी असतं हे?

विचारायची बंदी होती, अंदाज करायची नव्हती. काकूंनी डिंकाचे लाडू आणून दिले आणि मी दोन खाल्ले म्हणून त्यांनी ठरवलं की मी जिंकले, कारण दुःखात माणूस लाडू खात नाही. खरं तर मी दुःखातच जास्त खाते. सेक्रेटरी काका जिन्यात भेटले, मी नमस्कार केला, त्यांची तब्येत विचारली, तर ते वरपर्यंत वळून वळून बघत गेले. एवढी गोड वागते म्हणजे नक्की बक्षीस मिळालंय, असं त्यांनी आईला सूचित केलं आणि आपला पालट करावा की काय या विचारात पडले. मी कुणावर ओरडत नव्हते, दारं आपटत नव्हते. हे सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ लावला. बाबा मात्र पेपर वाचायचे, पुरवणी वेगळी करून आईकडे द्यायचे आणि मधूनच माझ्याकडे बघायचे.

प्रक्षेपणाचा रविवार आला. दुपारची वेळ. आईने भजीचं पीठ स्वतः भिजवलं, मला जवळ येऊ दिलं नाही. सगळे जमले. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. नारळ टीव्हीजवळ तांब्यावर मांडलेला. सेक्रेटरी काकांनी सगळ्यांच्या बोल्या वाचून दाखवल्या आणि विचारलं, 'कुणाचा पालट?'

काकूंनी कुठल्याशा गायकाच्या जागी दुसरा गायक केला, कारण पहिला त्यांना मधल्या काळात आवडेनासा झाला होता. सेक्रेटरी काका घुटमळले. माझ्याकडे बघितलं, नारळाकडे बघितलं, आणि नाही म्हणाले.

'माझा हाय,' बाबा म्हणाले.

सगळे वळले. आई कढई सोडून दारात आली.

'वेशभूषा,' बाबा म्हणाले. 'ऐतिहासिक खोडा. आमच्या पोरीचं लिवा.'

काकूंनी टाळी वाजवली. 'बगा, शेवटी बापाचं काळीज.' आणि बाबांनी पालट केला म्हणजे आता शंकाच नको, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. सेक्रेटरी काकांनी तर कपाळाला हात लावला. आपली संधी हुकली असं त्यांना वाटलं असणार.

बाबा फसले होते. माझं गोड वागणं बघून तेही फसले, असं मला वाटलं. मला ओरडून सांगायचं होतं की बाबा, नका करू, तुमचं आधीचंच बरोबर होतं. पण बोलले असते तर सोवळं मोडलं असतं, आणि तेही टीव्ही लागायच्या आधी, सगळ्यांच्या देखत. मी बाबांकडे बघून मान हलवली. ते टीव्हीकडे बघत होते.

तांत्रिक पुरस्कार टीव्हीवर नुसते पळवतात. एका गाण्यावर चेहरे येतात, नावं खाली सरकतात, हातातल्या बाहुल्या चमकतात. छायांकन, संकलन, ध्वनी. वेशभूषा आली तेव्हा ती चांगली बाई हसत उभी होती आणि खाली ऐतिहासिकचं नाव होतं. क्षणभरच. मग लगेच साबणाची जाहिरात लागली.

साबणाने बाळ धुतलं जात होतं ते सगळे मन लावून बघत होते. मग काकू म्हणाल्या, 'चुकीचं लावलंय. परत दाखवतील.' आईने पदराने डोळे पुसले आणि कांद्याला दोष दिला. सेक्रेटरी काका जागेवरून उठून माझ्याजवळ आले आणि गरम भज्यांची ताटली माझ्यापुढे ठेवून परत गेले. मला वाटलं होतं की या क्षणी मला रडू येईल किंवा राग येईल. दोन्ही आलं नाही. एवढ्या दिवसांनी जखमेवर खपली धरली होती. मी म्हणाले, 'कांदा मस्त झालाय,' आणि तिथून लोकांना श्वास घेता आला. पुढचे सगळे निकाल आम्ही नेहमीसारखे भांडत बघितले. नटीच्या पुरस्कारावर काकूंनी परीक्षकांचं घराणं काढलं.

शेवटी उत्तरं मोजली. सेक्रेटरी काका एका उत्तराने पुढे होते. बाबांनी पालट केला नसता तर दोघं बरोबरीत आले असते, आणि बरोबरीत नारळ वडीलधाऱ्याकडे जातो. म्हणजे बाबांकडे. सेक्रेटरी काकांनी दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा. बाबांनी उठून नारळ त्यांच्या हातात दिला. काकांनी तो छातीशी धरला. इतक्या वर्षांनी मिळाला, तर म्हणाले, 'अहो, पण तुम्ही असं कसं...'

'चुकतो मानूस,' बाबा म्हणाले.

मंडळी गेली. ऊन उतरलं होतं. बाबा दारातलं पायपुसणं झटकत होते, मी ताटल्या गोळा करत होते. मला राहवलं नाही.

'बाबा, तुमचा पालट वाया गेला.'

'वाया कुठं?'

'तुम्हाला वाटलं मी जिंकले. माझ्यामुळे फसलात.'

बाबांनी पायपुसणं खाली अंथरलं, पायाने सरळ केलं. 'मला म्हाईत हुतं,' ते म्हणाले.

मला आधी वाटलं त्यांनी पुरवणी वाचली. मग वाटलं, बाबा नियम मोडणं शक्य नाही. ते रॅककडे बघत होते.

'तू त्या दिशी सकाळी आलीस. चपला काढल्यास अन् रॅकवर ठिवल्यास. जोडीनं. उभ्या जन्मात कधी ठिवल्या हुत्यास? तवाच कळलं मला. रोज तसंच ठिवत हुतीस. म्हनलं, लई लागलंय पोरीला.'

'मग माहीत असून पालट कशाला केलात? नारळ गेला.'

'नारळाचं काय,' ते म्हणाले. 'तिकडं त्या हॉलात तू एकटीच हरलीस. मी हितं बरोबर ठरून बसलो हुतो. ते बरं दिसंना मला. एकटीनं हरू न्हाई, पोरी.'

माझ्या हातात भज्यांच्या तेलकट ताटल्या होत्या, म्हणून मला डोळे पुसता आले नाहीत. ज्या माणसाने आयुष्यात कधी काटा खोटा धरला नाही, त्याने तो एकदा, चार माणसांत, माझ्या बाजूने झुकवला होता. आणि झुकवून काही मिळणार नाही हे त्याला आधीच माहीत होतं. आमच्या घरात एकमेकांना थँक्यू म्हणायची पद्धत नाही. म्हटलं तर बाबा म्हणतील, डोकं फिरलं का. मी आत जाऊन ताटल्या ठेवल्या, चहा टाकला आणि त्यांच्या कपात साखर जास्त घातली, आई रोज नको म्हणते तेवढी. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी काकांकडून वड्यांची ताटली आली. त्यांच्या बायकोने केलेल्या, थोड्या कडक झालेल्या. बाबांनी दोन खाल्ल्या.

मी त्या दिवशी नव्या सिनेमाच्या कामाला गेले होते. निर्मात्याशी जुंपली, कारण त्याला शेतमजुराच्या अंगात इस्त्रीचा सदरा हवा होता. डोकं तापलेलंच घेऊन जिना चढले आणि दारात चपला काढल्या. एक पायपुसण्यावर पडली, दुसरी काकूंच्या दारावर जाऊन आपटली.

आतून आई करवादली, 'आली बया. लागली परत फेकायला.'

बाबा म्हणाले, 'फेकू दे.'